दात घासू देण्याआधी

चि. सायली,

अनेक आशीर्वाद.

त्या परदेशी दवाखान्याने पाठवलेला उपचारांचा आराखडा नीट वाचला. दोन दाढांच्या जागी इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचं धातूचं कृत्रिम मूळ) आणि वर-खाली मिळून वीस दातांना कॅप, सगळं एका आठवड्यात. इम्प्लांटचं मला पटतं, त्या दाढा पडून बराच काळ झाला. पण वीस कॅप कशासाठी? त्यांनी तुझे फक्त मोबाइलवरचे फोटो पाहिलेत. एक्स-रे नाही, हिरड्या तपासलेल्या नाहीत.

मी आयुष्यभर लॅबमध्ये कॅप बनवल्या, म्हणून कळकळीने सांगतो. पूर्ण कॅप बसवायची तर दात चारही बाजूंनी आणि वरूनही यंत्राने घासून लहान करावा लागतो. घासलेलं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, पुन्हा येत नाही. जास्त घासला गेला तर आतली नस दुखावते आणि चांगल्या दाताचं रूट कॅनाल करायची वेळ येते. शिवाय कॅप जन्मभर टिकत नाही, कधीतरी बदलावी लागतेच, आणि तू आत्ता कुठे तिशीत आलीस. किडलेल्या, मोडलेल्या दाताला कॅपचा आधार असतो. तुझे दात धडधाकट आहेत. रंग आवडत नसेल तर ब्लीचिंग आहे, किंचित वाकडे असतील तर दात सरळ करणारे पारदर्शक साचे, म्हणजे अलाइनर, आहेत. हे पर्याय ज्या डॉक्टरने तुला सांगितलेच नाहीत, त्याच्या हाती दात देऊ नकोस.

परदेशात जाऊच नकोस, असं माझं म्हणणं नाही. हंगेरीत ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ मोशोनमाज्यारोवार नावाचं गाव आहे, मेक्सिकोत अमेरिकेच्या सीमेला लागून लोस आल्गोदोनेस आहे. दोन्ही गावं सीमेपलीकडून दातांसाठी येणाऱ्या लोकांमुळे ओळखली जातात आणि तिथे उत्तम काम करणारे डॉक्टर आहेत. प्रश्न तुझ्या दातांवर नेमकं कोण काम करणार, हा आहे. दवाखान्याचं नाव पुरेसं नाही, डॉक्टरचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक माग. ब्रिटनमध्ये दंतवैद्यांची नोंदणी करणाऱ्या जनरल डेंटल कौन्सिलची नोंदवही कोणालाही ऑनलाइन पाहता येते, आणखीही काही देशांत अशी सोय आहे. तुर्कस्तानात परदेशी रुग्ण घेणाऱ्या दवाखान्याला आरोग्य मंत्रालयाचं वेगळं अधिकारपत्र लागतं. समन्वयक म्हणून जी बाई तुझ्याशी गोड बोलते आहे, ती डॉक्टर नाही. डॉक्टरशी व्हिडिओवर बोलल्याशिवाय आगाऊ पैसे भरू नकोस.

आता इम्प्लांट. १९६५ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. त्यामागचं तत्त्व आजही तेच आहे: हाड त्या धातूला धरतं, आणि त्याला सहसा काही महिने लागतात. काही निवडक रुग्णांत लगेच दात चढवतात, पण ते हाड पाहून ठरतं, आणि हाड नीट दिसायला सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, लागतो. तुझा स्कॅन झालेलाच नाही, मग आठवड्यात कायमचे दात देऊ असं त्यांनी कशावरून लिहिलं? दोन फेऱ्या लागतील असं स्पष्ट सांगणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसेल. वरच्या दाढेला हाड कमी पडलं आणि सायनस लिफ्ट (वरच्या जबड्यातल्या पोकळीचा तळ उचलून हाड भरणं) करावी लागली, तर परतीचं विमान कधी धरायचं हेही डॉक्टरलाच विचार, तिकीट आधी काढून ठेवू नकोस.

लॅबमध्ये आम्हाला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा तो अनोळखी इम्प्लांटचा. बाहेर कुठेतरी बसवलेला असायचा, स्क्रू सैल झालेला असायचा आणि रुग्णाकडे एकही कागद नसायचा. कंपनीगणिक आतली जोडणी वेगळी, स्क्रू फिरवायचं हत्यारसुद्धा वेगळं. एक्स-रेवरून अंदाज बांधत बसावं लागायचं, कधी तो चुकायचा, आणि पाच मिनिटांच्या कामासाठी माणूस आठवडाभर अडकायचा. म्हणून कंपनीचं नाव, मॉडेल, माप आणि लॉट नंबर असलेले स्टिकर तुझ्या कार्डावर चिकटवून घे. स्कॅनची मूळ डायकॉम फाइल, म्हणजे संगणकावर उघडणारी वैद्यकीय स्कॅनची फाइल, हीही माग. नुसती छापील प्रत चालणार नाही.

निर्जंतुकीकरणाबद्दल विचारायला संकोचू नकोस. हत्यारांचं पाकीट तुझ्यासमोर फोडायला हवं. पाकिटावरची पट्टी रंग बदलते त्यावरून ते ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, गेलं एवढंच कळतं. यंत्र खरोखर जंतू मारतं का, हे बीजाणू चाचणीवरून कळतं, म्हणजे चिवट जंतूंचे बीजाणू यंत्रात ठेवून ते मरतात का ते पाहून. ती कधी केली होती ते विचार. चांगला दवाखाना लगेच नोंद काढून दाखवतो.

गॅरंटीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाच. दुरुस्ती फुकट, पण त्यांच्याकडेच येऊन, आणि विमानाचा व राहण्याचा खर्च तुझा, असं पुष्कळदा असतं. त्याआधी तुझ्या नेहमीच्या डेंटिस्टला विचार: परत आल्यावर या कामाची देखभाल कराल का? ते नाही म्हणाले तर का, तेही समजून घे.

तोवर त्यांना एवढंच लिही: कॅप नकोत, इम्प्लांटबद्दल स्कॅन झाल्यावर बोलू. स्कॅन तुझ्याच गावात करून घे आणि फाइल मला पाठव. माझ्या ओळखीच्या सर्जनना दाखवून रविवारी फोन करतो.

तुझे,
बाबा