उशाशी दुनळी, खिडकीत कूलर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागात चोऱ्यांच्या बातम्या येऊ लागल्या की बंदुकीच्या लायसनची चर्चा निघतेच. ग्वाल्हेर-चंबळ भागात खांद्यावरची बंदूक म्हणजे रुबाब. शेजारच्या शिवपुरीत २००८ साली नसबंदी करून घेणाऱ्याला लायसन लवकर मिळे. २०१९ मध्ये आपल्या कलेक्टरांनी त्यासाठी दहा झाडं लावायला सांगितली होती. (जगली असतील तर आनंदच आहे.) आता दोघंच म्हातारे उरलेल्या मराठी घरांतही 'एक बारा बोर घेऊन ठेवा' असा सल्ला मिळतो.

सल्ला देणाऱ्यांनी आधी निजायच्या खोलीचं दार पाहावं. जुन्या वाड्यांत जाड फळ्यांचं दार आणि आतून अडसर असे. आता प्लायचं दार आणि अर्ध्या इंची स्क्रूंवर तरलेली अ‍ॅल्युमिनियमची कडी! एका लाथेचं काम. लोखंडी कडी, चौकटीत खोल जाणारे स्क्रू आणि खालीही एक कडी, एवढं सुतार दुपारभरात करून देतो. खिडकीची तर आपणच वाट लावतो. कूलरचं तोंड आत यावं म्हणून गज कापतो, बाहेर कूलर नुसता स्टँडवर. तो ओढला की माणूस आत. गज राहू द्यावेत, हवा त्यांतूनही येते. मात्र एखादी जाळी आतून उघडणारी हवी, आग लागली तर बाहेर पडायला.

बंदूक रिकामी ठेवली तर झोपेतून उठून काडतूस शोधत बसायचं. भरून ठेवली तर घरात नातवंडं. अंधारात पाण्याला उठलेला मुलगाही चोरच वाटतो. रागाच्या किंवा निराशेच्या भरात काय होतं ते लिहायला नको. घर बंद असताना चोरी झाली तर बंदूक चोराच्या हाती. कायदा रात्री घर फोडणाऱ्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क देतो खरा, पण गरजेपुरताच. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तो हक्क सांगता येत नाही. शिवाय कोर्टात तो हक्क होता हे दाखवायचं गोळी झाडणाऱ्यानेच. आणि निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. चोरांना आचारसंहिता नसते.

दार थोडा वेळ टिकलं तरी आतून ११२ लावता येतो. त्यासाठी मोबाइल बैठकीत चार्जिंगला लावून झोपायची सवय मात्र सोडावी लागेल.

– एक वाचक, जिवाजीगंज, ग्वाल्हेर