माटोळीची चौकट दाखवणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठं लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंत. म्हणून नाव न घेता, पण चारचौघांत हे पत्र लिहितोय.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या कुळागरवाल्यांची (कुळागर म्हणजे माड-पोफळींची बाग) आणि पाडेल्यांची (माडावर चढून नारळ उतरवणाऱ्यांची) गाठ घालून द्यावी म्हणून मी चॅट ॲप करायला घेतलं होतं. नारळ तयार असले की पाडेली सापडत नाही, आणि पाडेली मोकळा असला की मालक नेमका पणजीला गेलेला. मोबाइल ॲप बनवायचं रिॲक्ट नेटिव्ह थोडंफार येत होतं, त्यात चॅटच्या पडद्यासाठी गिफ्टेड चॅट ही तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड) मिळाली. दोन दिवसांत निरोप इकडून तिकडे जायला लागले. पण दिसायला ते कुणाचंही ॲप होतं. तेच निळे बुडबुडे, तेच इंग्रजी 'सेंड'.

मग मी जे केलं ते तुम्हाला सांगताना माझी मान खाली गेली होती. इन्स्टॉल केलेल्या लायब्ररी जिथं असतात त्या नोड मोड्यूल्सच्या फोल्डरात शिरून लायब्ररीच्याच फायलींत रंग बदलले. पुढं कसलीशी एरर आली म्हणून तो फोल्डर पुसून परत इन्स्टॉल केला, आणि तीन आठवड्यांची मेहनत एका मिनिटात निळी झाली. कोडचे बदल जपून ठेवणाऱ्या गिटमध्येही काही नव्हतं (तो फोल्डर गिटमध्ये ठेवतं कोण!).

फोंड्याच्या स्टँडजवळ पातळभाजी-पाव खाताना तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "कित्याक रे?" (का रे?) मग गणेश चवथीला गणपतीच्या वर फळंफुलं बांधून टांगतो त्या माटोळीचा दाखला देत म्हणालात, "माटोळीची चौकट आपण दरवर्षी तोडतो का? चौकट तीच, तिला काय बांधायचं ते आपलं." रेंडरबबल (बुडबुडा), रेंडरसेंड (पाठवायचं बटण), रेंडरडे (दिवसाची पट्टी) ही बांधायची ठिकाणं. तिथं आपला घटक द्यायचा, आतल्या फायलींना हात लावायचा नाही. हे सगळं कागदोपत्री लिहिलेलं होतंच. मी वाचलं नव्हतं.

त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ गेला तो अक्षरांवर. बुडबुडे आटोपशीर दिसावेत म्हणून मी १६ च्या फॉन्टला ओळीची उंचीही १६च दिली होती, वर अँड्रॉइडचं इन्क्लूड फॉन्ट पॅडिंग (अक्षरांच्या वर-खाली सोडलेली जास्तीची जागा) बंद केलं होतं. इंग्रजीत ते खपून जात होतं. मराठीत रफार वरून छाटला जायचा आणि उकार खालून. 'सुपारी'ची 'सपारी', 'कुळागर'चं 'कळागर'. तुम्ही पॅडिंग परत चालू करायला लावलंत, उंची २५ केलीत आणि म्हणालात, "आपल्या अक्षरांना डोकं आणि पाय दोन्ही असतात." तोवर मी फोनच्या कंपनीला शिव्या घालत होतो.

रंगाचंही तसंच. आंब्याच्या पिवळ्यावर पांढरी अक्षरं मला फार देखणी वाटत होती. तुम्ही फोन हातात दिलात आणि मला उन्हात उभं केलंत. काही म्हणजे काही दिसेना. मजकुराला निदान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक) लागतो, माझा दोनालाही पोचत नव्हता. आता पोफळीच्या पानासारखा गडद हिरवा आहे. बटणं ४८ डीपीची (डीपी हे अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप) केली, आणि दिवसाची पट्टी रेंडरडेमध्ये मराठीतून मीच लिहिली.

पाडेल्यांना टाइप करायला लावू नकोस, हीसुद्धा तुमचीच सूचना. क्विक रिप्लायमध्ये (नुसतं बोट लावून पाठवायच्या तयार उत्तरांत) तीनच उत्तरं ठेवली आहेत: 'येतो', 'उद्या', 'जमणार नाही'. परवा एकानं चक्क माडावरूनच 'येतो' पाठवलं. खाली उतरल्यावर मी रागावलो, तर म्हणाला, अंगठाच तर लावायचा होता.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहाचेही मला देऊ दिले नाहीत. चवथीला आमच्याकडे या, ताई. माटोळीला यंदा त्याच पाडेल्यानं उतरवलेला सुपारीचा घोस असेल.

तुमचा,
सत्तरीचा एक विद्यार्थी