‘मग तुम्हीच या कमिटीत!’

संपादक महोदय,

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असल्याने सध्या दर रविवारी कुठे ना कुठे खडाजंगी चालू आहे. लिफ्टच्या देखभालीच्या बिलावर कुणी प्रश्न विचारला, की अध्यक्षांचं ठरलेलं उत्तर येतं : ‘आम्ही फुकट राबतो; जमत असेल तर तुम्हीच या कमिटीत!’ मग बिल राहतं बाजूला आणि माणसं एकमेकांवर घसरतात.

टीका हमखास फुटते ती ‘ऐनवेळचे विषय’ सुरू झाल्यावर, निम्मे सभासद जेवायला उठत असताना. आधी विचारायला जागाच ठेवलेली नसते. नोटीस १४ दिवस आधी काढावी लागतेच. तिच्यातच ‘हिशेबाचे प्रश्न शक्यतो सभेच्या ५ दिवस आधी लेखी द्यावेत’ अशी ओळ घालावी. खजिनदाराला व्हाउचर काढून ठेवता येतात. पैशाच्या प्रश्नावर अध्यक्षांनी सारवासारव करू नये. खजिनदाराने कागद दाखवावा. आयत्या वेळी विचारणाऱ्याला मात्र या ओळीचा धाक दाखवायचा नाही.

कमिटी सर्वांत जास्त अडकते ती ‘कमी दराचं कोटेशन का नाकारलं?’ या प्रश्नावर. कारण बहुधा रास्त असतं, उदाहरणार्थ गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला त्या कंत्राटदाराने हमीच दिलेली नसते. पण ते कमिटीच्या इतिवृत्तात त्याच दिवशी लिहिलेलं नसतं, आणि सहा महिन्यांनी सांगितलेलं खरं कारणही सबबीसारखं वाटतं. दरांच्या तुलनात्मक तक्त्याखाली दोन ओळी लिहून सह्या घेतल्या की काम भागतं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला उत्तरं देत बसणं तर बंदच करावं. तिथे एवढंच लिहावं : अर्ज द्या, पोच घ्या. आदर्श उपविधींनुसार (म्हणजे संस्थांच्या कारभाराच्या नमुना नियमावलीनुसार) कमिटीने लगतच्या बैठकीत निर्णय घेऊन पुढच्या १५ दिवसांत तो सभासदाला कळवायचा असतो. हे होत नाही, म्हणून भिंतीतल्या ओलीची तक्रारही सहकार खात्याच्या उपनिबंधकांच्या टेबलावर जाते.

आणि दोन तास भांडण झालेल्या ठरावावर ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ असं लिहू नये. कोणी, कशासाठी विरोध केला ते नावानिशी नोंदवावं आणि इतिवृत्ताचा मसुदा त्या विरोधकांनाही वेळेत पाठवून हरकती मागवाव्यात.

– गृहनिर्माण संस्थांचे लेखापरीक्षण करणारा एक वाचक, ठाणे