रेवास पत्र

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

हिमोग्लोबिन 8.5, आणि ते मला तुझ्या मावशीकडून कळावं? असो. त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

तू पाठवलेला लेख वाचला. 1980 साली ड्रेसलर या खगोलशास्त्रज्ञानं 55 दीर्घिकासमूह तपासले. दाट गर्दीत तांबूस, लंबगोल, तारे घडवणं थांबलेल्या दीर्घिका जास्त. मोकळ्यावर निळ्या, सर्पिल, कामात असलेल्या. समूहात कोट्यवधी अंश तापलेला वायू असतो, तो आत शिरणाऱ्या दीर्घिकेचा थंड वायू ओरबाडून काढतो. हे पटकन समजलं. दुसरी तऱ्हा मात्र मनातून जाईना. बाहेरून नवा वायू यायचा बंद होतो, तरी दीर्घिका आहे त्यावर तारे घडवत राहते. सूत येणं थांबलं तरी बीमवर ताणा असेतो माग खडाखडा चालतोच की! रस्त्यावरून जाणाऱ्याला काय कळणार? तुझंही तेच चाललंय. रात्रभर कॉम्प्युटर, सकाळी चहा, दुपारी पुन्हा चहा.

झालं, लागलो बोलायला. राग मानू नकोस.

लहानपणी कारखान्यात टॉवेलच्या गठ्ठ्यांवर बसून गणितं करायचीस. केसांत तूस, मांडीवर भाकरी, आणि ती निम्मी तशीच राहायची. तेव्हाही आईच ओरडायची.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या 30 डिशांनी 800 कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला, 2020 साली, हे मी इथं सगळ्यांना सांगतो. वायू भरपूर होता, पण तारे घडायचा वेगच असा की शे-दोनशे कोटी वर्षांत तो संपावा. तारे घडवण्याच्या त्या भरातून विश्व आता दहाव्या हिश्श्यावर आलंय. कारखान्यात कुणाला फारसं कळत नाही, पण 'पोरगी त्याच कामात आहे' म्हटलं की माग सोडून ऐकतात.

तू म्हणशील, बाबा, दीर्घिकांत तर एकट्याच जास्त तारे घडवतात. मग राहा बाई एकटी, घरी ये म्हणणार नाही. पण वजनदार दीर्घिका गर्दी नसतानाही थंडावतात, सगळा दोष शेजाराचा नसतो, हेही त्याच लेखात आहे. तुझ्या मेसच्या जेवणाला मनातल्या मनात उगाच बोल लावला मी. वेळेवर ताटावर बसणं तुझ्याच हातात आहे.

अण्णा शनिवारी पुण्याला येतोय. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि खजूर त्याच्याकडे दिलेत. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस. पुढचा रिपोर्ट आला की फोटो आधी मला, मावशीला नंतर.

तुझे बाबा
सोलापूर