जुन्या योतुलला हात लावण्याआधी

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार. फोटो नीट पाहिले. व्हरमाँटच्या घराबरोबर तुला मिळालेला, घर ऊबदार ठेवणारा लाकडाचा स्टोव्ह नॉर्वेच्या योतुल कंपनीचं ११८ हे मॉडेल दिसतोय. लांबट पेटी, बाजूच्या पत्र्यावर लाकूडतोडीचं उठावचित्र आणि नॉर्वेजियन ओळी: रात्री निखारा राखेत पुरतो, देवा, माझा विस्तव कधी विझू देऊ नकोस. तरी ओतीव नाव आणि आकडा शोधच. सत्तरच्या दशकात इंधन महागलं तेव्हा या स्टोव्हच्या नकला खूप निघाल्या. नाव नसेल आणि नक्षी पुसट असेल तर नक्कल धर. मग अस्सल योतुलचे सुटे भाग बसतीलच असं नाही.

गंजाने घाबरू नकोस. तो वरवरचा आहे, तारेच्या ब्रशने निघेल. खरं दुखणं सांध्यांत आहे. हा स्टोव्ह बिडाचे पत्रे बोल्टने आवळून उभा केलेला असतो आणि पत्र्यांमधल्या चरांत फर्नेस सिमेंट, म्हणजे आगीची उष्णता सोसणारं सिमेंट, भरलेलं असतं. तापून-निवून ते भुगा होऊन गळतं. मग हवेची झडप बंद केली तरी फटींतून हवा शिरत राहते, आग आवरत नाही, पेटी लाल होते आणि आगीच्या वरचा आडवा पत्रा वाकतो. तुझा तोच पत्रा मध्ये खचलाय. तो नुसता बदललास आणि सांधे तसेच ठेवलेस, तर नवाही वाकेल.

अंधारात पेटीत टॉर्च ठेव आणि बाहेरून बघ. जिथे उजेड दिसेल तिथे खडूने खूण कर. दारात कागदाची पट्टी अडकवून ओढ. अलगद निघाली तर दाराच्या कडेला हवा अडवणारी दोरी गेली. पण त्या जुन्या दोरीत आणि सिमेंटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसांना घातक खनिज तंतू, असू शकतं. नमुना प्रयोगशाळेत तपासून अहवाल येईपर्यंत ना खरवडणं, ना ब्रश. निघालंच, तर ते काम परवानाधारक माणसावर सोड.

अहवाल साफ आला की सुटं करायला घे. प्रत्येक भागाचा फोटो काढ, त्यावर आकडा टाक. बोल्टवर गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर मुरू दे, तरी हलला नाही तर नट गॅसच्या ज्योतीने तापव. जोर लावू नकोस. बोल्ट तुटला तर ड्रिलने काढता येतो; पण बोल्ट ज्यात बसतो तो बिडाचा कान तुटला तर अख्खा पत्रा जातो.

आगीची झळ झेलणारा आतला पत्रा तडकला असेल तर सरळ नवा घे. बाहेरच्या पत्र्याच्या तड्यावर सिमेंट थापून मात्र भागवू नकोस, पहिल्या थंडीतच ते उडेल. वेल्डिंग होतं, पण आधी सगळा पत्रा तापवून, निकेलच्या कांडीने, आणि मग अगदी सावकाश निववून. गरम तवा पाण्याखाली धरल्यावर तडकतो, तसंच हेही घाईने निवलं की शेजारी नवा तडा पडतो. मला विचारशील तर भंगारातल्या दुसऱ्या ११८चा पत्रा शोध.

जोडताना आधी सिमेंटशिवाय सगळं बसवून बघ. मग चर साफ करून ओल्या फडक्याने पूस, सिमेंटची सलग वळी घाल आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जा. बोल्टच्या आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे ते अडकून बसू नयेत म्हणून लावायचं वंगण, लाव, म्हणजे पुढच्या वेळी खोलताना कोणी शिव्या देणार नाही. एक दिवस वाळू दे. मग तीन दिवस छोट्या काटक्यांचीच आग, रोज थोडी मोठी. एकदम पेटवलंस तर सिमेंटमधलं पाणी उकळून फुगे येतात आणि तिथेच पुन्हा भोकं. त्यानंतर बोल्ट परत तपास, थोडे सैल झालेले असतील.

उष्णतारोधक काळा रंग अगदी शेवटी, पातळ हातांनी. पहिल्या आगीला तो वास मारतो, खिडक्या उघड्या ठेव.

बसवताना जळू शकणाऱ्या भिंतीपासून चारी बाजूंनी ९१ सेंटिमीटर सोड, कारण इतक्या जुन्या स्टोव्हवर सुरक्षेच्या चाचणीची पट्टी सहसा नसते. धुराडं तपासून घे आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लाव. लाकडात वीस टक्क्यांपेक्षा जास्त ओल नको.

मागच्या पत्र्याचा आणि धुराड्याच्या तोंडाचा फोटो पाठव, तोंडाचा व्यासही मोजून कळव. आडवा पत्रा मागवण्याआधी तेवढं पाहू.

तुझा,
श्रीकांत