खिशातली तार

डोंबिवली,
रविवार, १५ जून २०२५

ती. बाबा व आई यांस,
सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोनवर बाबा "बरा आहे गो, आईला देतो" एवढंच बोलतात, आणि आई गॅसवर दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवते. गेल्या तीन आठवड्यांत आपल्याकडे इतकं दूध उतू गेलंय की गोठ्यात म्हैस असती तरी पुरलं नसतं. पत्र मात्र बाबा अर्ध्यावर टाकणार नाहीत. आयुष्यभर लोकांची पत्रं पोचवलेल्या माणसाला ते जमणार नाही. आज रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने वाडीतला मुलगा गावी निघालाय, त्याच्याच हाती देते आहे. पोस्टाला वगळलं म्हणून बाबा रागावतील. रागवा, पण वाचा.

बाबा, तुम्ही साकवावर बसता हे मला कळलंय. कोणी सांगितलं ते विचारू नका. देवळाची पाखाडी एका दमात चढणारे तुम्ही, आता वहाळापर्यंत उतरलात की साकवाच्या कठड्याला टेकता, आणि कोणी आलं की बुटात खडा गेल्याचं सांगता. पावसात बूट घालून हिंडणारा माणूस आपल्या वाडीत कोण आहे? रात्रीचा कोरडा खोकला आहे, हेही कळलंय. परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही "यंदा पाऊस मे संपायच्या आतच आला" हे एक वाक्य तीन तुकड्यांत बोललात. मी मोजत होते.

आणि आई, तू. बोटाला लावायचं ते मशीन कोरोनात घेतलं होतं, त्यावरचा ऑक्सिजनचा आकडा रोज सांग म्हटलं तर तू रोज सत्त्याण्णव सांगतेस. सकाळी सत्त्याण्णव, संध्याकाळी सत्त्याण्णव, एकदाही शहाण्णव नाही. माझाही नसतो गं असा रोज. काल वाडीतल्या दुसऱ्या एका मुलाने ते बाबांच्या बोटाला लावून मला फोटो पाठवला. बसून ९४, आणि साकवावरून वर आल्यावर ९०.

मी ओरडायला लिहीत नाहीये. ओरडायचा हक्क मला नाहीच. हे लपवणं आपल्या घरात सुरू कोणी केलं, तर आई आणि मी. नोव्हेंबरात तपासणीला काढलेल्या तुकड्याचा, म्हणजे बायोप्सीचा, रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून मीच म्हणाले, "बाबांना सांगू नका." आठ दिवस आम्ही तुम्हाला "छातीत गाठ आहे, औषधाने विरघळेल" म्हणत राहिलो. आणि मग परळला टाटाला जायचं म्हणून पिशव्या भरल्या! टाटाला न्यायचं म्हटल्यावर कोकणात शेंबड्या पोरालाही कळतं. तुम्ही गाडीत खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणालात, "गाठीचं नाव मला ठाऊक आहे, तुम्ही दोघी दमू नका." तेव्हा मी रडले, पण त्यातून शिकले काहीच नाही. आता तुम्ही दोघं माझ्याशी तेच करताय.

त्याच्याही आधीचे चार महिने मला झोपेत आठवतात. खोकला, वजन उतरलेलं, एक्स-रेवर डाग, म्हणून टीबीची औषधं सुरू झाली. थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत, तरी "कोर्स पूर्ण करा" हेच उत्तर. आपणही मान डोलावत राहिलो. टीबी आणि फुप्फुसाचा कॅन्सर सुरुवातीला एकमेकांसारखे दिसतात आणि आपल्याकडे टीबी जागोजाग, त्यामुळे असं पुष्कळांचं होतं, हे मला नंतर कळलं. त्या डॉक्टरांना मी आता शिव्या देत नाही. पण खोकल्याला "हवा बदलली" म्हणायची चैन आपल्याला परवडत नाही, एवढं मला त्या चार महिन्यांनी शिकवलं.

आता खरं सांगते, कारण तुम्ही दोघं रात्री कशाच्या भीतीने छताकडे बघत असाल ते मला माहीत आहे. कॅन्सर परत आला असेल का? मला माहीत नाही. डॉक्टरांनाही स्कॅन बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पण रेडिएशनची शेवटची लाईट ७ मार्चला झाली, शिमग्याच्या आधी. त्याला आज तीन महिने आणि वर आठवडा झाला. त्या दिवशी मिळालेला कागद मी काल पुन्हा काढून वाचला. लाईटच्या वाटेत जेवढं चांगलं फुप्फुस आलं असेल, त्याला नंतर सूज येऊ शकते. ती लगेच येत नाही, साधारण पहिल्या महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत कधीही येते. कोरडा खोकला, चालताना धाप, कधी बारीक ताप. तुमचं सगळं याच्याशी जुळतं. तसंच असेल तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी बऱ्याच जणांना उतार पडतो. मात्र त्या आठवडेच्या आठवडे घ्याव्या लागतात, हळूहळू कमी करत आणाव्या लागतात, आणि "आता बरं वाटतंय" म्हणून मनाने एकदम बंद करायच्या नसतात. साखरही वाढवतात. तेव्हा आंब्याचा साठवलेला रस आई लपवून ठेवेल आणि ते लपवणं मला चालेल.

लाईट सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांनी संगणकावर एक चित्र दाखवलं होतं, आठवतं? लाईटचा झोत कुठून कुठे जाणार त्याच्या रंगीत रेघा. तेव्हा मी विचारलं होतं की पुढे स्कॅनवर डाग दिसला तर तो सुजेचा की रोगाचा हे कसं ओळखणार. ते म्हणाले, सूज बहुतेक त्या रेघांच्या आतच राहते, तिची कडही पुष्कळदा सरळ दिसते, पट्टीने आखल्यासारखी. रोग असा आखून वाढत नाही. तरी कधी कधी ठरवता येत नाही, मग थोडे दिवस थांबून पुन्हा बघावं लागतं, किंवा पेट स्कॅन, किंवा पुन्हा तुकडा. ही सरळ रेघ गेले आठ दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. देवापुढे दिवा लावताना मी तीच मागते. हसू नका.

जंतुसंसर्ग असू शकतो, पावसाळ्यात तोही होतो. टीबीही असू शकतो, तो आपल्याला विसरलेला नाही. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकूनही धाप लागते. आणि कॅन्सर परतही आला असू शकतो, ते नाव मी लपवत नाही, इतरांच्या रांगेतच ठेवते. आला असेल तर पुढची औषधं आहेत. ती तुम्हाला किती झेपतील ते तेव्हा डॉक्टरांना तुम्ही स्वतः विचारायचं. किमो आणि लाईटनंतर वर्षभर घ्यायच्या इम्युनोथेरपीला तुम्ही नाही म्हणालात, कारण तिची किंमत तुम्ही माझ्या फोनवरच्या बोलण्यातून ऐकली होती. मला ते अजून लागतं. पण तो निर्णय तुमचा होता आणि मी त्यावरून भांडणार नाही. फक्त यापुढे माझ्या पैशांचा हिशोब भिंतीआडून ऐकून करायचा नाही. समोर बसून करू.

बाबा, मला वाटतं तुम्ही गप्प बसण्याचं कारण पैसा नाहीच. विडी आहे. एकोणिसाव्या वर्षापासून दिवसाला बंडल, आणि सोडून पंधरा वर्षं झाली तरी तुम्ही अजून स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता. "मीच ओढली, आता कुणाकडे तक्रार करू," हे तुम्ही डिसेंबरात आईला म्हणालात, मी स्वयंपाकघरात होते. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटना बसता येतं, तर पहिले चार दिवस तुम्ही त्या डब्याच्या दारातच उभे. कार्ड खिशात, पण दाखवायची लाज. शेवटी एक कुबडीवाला आजोबा ओरडला, "अहो बसा, इथे कोणी हौसेने येत नाही!" तेव्हा बसलात. डोंबिवली ते परळ, तीस दिवसांच्या तीस लाईट. अन्ननलिका भाजल्यासारखी होऊन पाणी गिळवेना तेव्हा थंड पेजेवर राहिलात, पण एक दिवस चुकवला नाहीत. विडी ओढलीत हे खरंच आहे, मी ते पुसणार नाही. पण म्हणून धाप लागली तर ती मुकाट सोसायची, हा दंड तुम्हाला कोणी ठोठावला?

तुम्हीच सांगितलेली एक गोष्ट तुम्हाला परत सांगते. तारा यायच्या त्या काळात वरच्या वाडीत तार न्यायची म्हणजे बहुतेक वेळा मुंबईला गेलेल्या चाकरमान्याचं काहीतरी वाईट. तुम्ही पडवीत टेकून आधी पाणी मागायचात, घरात कोण कोण आहे ते बघायचात, म्हातारी एकटी असेल तर शेजारणीला हाक मारायचात, आणि मग खिशातून कागद काढायचात. मी लहान असताना विचारलं होतं की इतका उशीर का लावायचा. तुम्ही म्हणालात, "उशीर नाही गो, त्यांना बसायला वेळ देतो. पण तार रात्रभर माझ्याकडे ठेवली असं एकदाही नाही केलं. ती त्यांची असते." बाबा, तुमच्या खिशात तीन आठवडे तार आहे. त्यातली अर्धी माझी आहे.

आता कामाचं. गुरुवारी, १९ तारखेला स्कॅनचा नंबर मिळालाय, त्याच दिवशी ओपीडी. मी उद्या रात्री इथून निघते, मंगळवारी सकाळी घरी पोचेन, आणि बुधवारी रात्रीच्या गाडीने तिघं निघू. मंगळवारीच देवरुखला रक्त द्यायचं. किडनी कशी चालते ते सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा बघितल्याशिवाय स्कॅनचं इंजेक्शन देत नाहीत, गेल्या वेळी त्यासाठी अर्धा दिवस बाकावर बसलो होतो. माळ्यावरच्या पांढऱ्या पिशवीत जुन्या फिल्म आणि सीडी आहेत, त्या सगळ्या हव्यात. जुनं शेजारी ठेवल्याशिवाय नवं वाचता येत नाही.

आई, आडुळसा दे, ज्येष्ठमध दे, हळदीचं दूध दे, ते खरंच उतू गेलं नसेल तर. पण मेडिकलवाल्याला खोकला सांगून आणलेली बाटली नको, आणि डब्यातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तर अजिबात नकोत. दोन दिवस खोकला दबला की बाबा म्हणणार, बघ, बरा झालो, तिकीट रद्द कर. त्यापेक्षा वहीत लिही. खोकला कधी येतो, किती पायऱ्यांनी धाप लागते, ताप किती, रात्री किती उशा घेतल्या, आवाज बसलाय का.

मी येईपर्यंत काही गोष्टींना थांबायचं नाही. खोकल्यातून रक्त आलं, एकच पाय सुजला किंवा पोटरी दुखायला लागली, चेहरा-मान सुजली, बोलताना जीभ अडखळली किंवा एका हातातला जोर गेला, पाठीत कळ येऊन पाय लटपटले, लघवी अडली, किंवा नुसतं बसलेलं असताना आकडा ९२ च्या खाली गेला, तर मला फोन नंतर. आधी १०८. डेरवणला वालावलकर हॉस्पिटलमध्ये रात्रीही जाता येईल, तिथून पुढचं मी बघते. "पोरगी येतेच आहे परवा" म्हणून रात्र काढायची नाही.

एक वचन माझ्याकडून. गुरुवारी खोलीत तिघं एकत्र जाऊ. डॉक्टर जे सांगतील ते बाबांना तोंडावर सांगतील, मी व्हरांड्यात कोणाला गाठणार नाही. मला त्या खुर्चीत बसायची भीती वाटते, दर तपासणीआधीच्या आठवड्यात माझं जेवण जात नाही, ऑफिसात आकडे चुकतात. हेही तुम्हाला कधी बोलले नव्हते. झालं सांगून.

येताना फणस आणायचा नाही. गेल्या वेळी अख्खा डबा घमघमला आणि टीसी दोनदा येऊन गेला.

तुमची,
बाय

ता. क. आई, मशीनचे सेल बदल आणि बाबांचं बोट आधी चोळून गरम कर, गार बोटावर ते चुकीचं दाखवतं. मग जो आकडा येईल तोच लिही.