चिऊची सहावी आणि घर बदलायचा प्रश्न

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर आई म्हणाली, "शाळेसाठी घर बदलायचं हे काय खूळ काढलंय?" तेव्हा चिऊ फोन ओढत होती, नीट सांगता आलं नाही. आणि बाबा, तुमची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. तुमच्याशी बोलल्याशिवाय मला याचा निकाल लावायचा नाही.

इथे अमेरिकेत सरकारी शाळा सहसा आपण निवडत नाही. घर ज्या भागात, त्या भागाची शाळा. आमचं प्लेन्सबरो आणि शेजारचं वेस्ट विंडसर, या दोन गावांचा मिळून एक स्कूल डिस्ट्रिक्ट आहे. झेडपीचा शिक्षण विभागच समजा, पण त्याचं मंडळ वेगळं. नऊ जण, गावकऱ्यांनी निवडून दिलेले, मानधन नाही. पैसा मुख्यतः घरपट्टीचा. आमच्या न्यू जर्सी राज्यात घरपट्टीतला निम्म्याहून जास्त वाटा शाळांकडे जातो. सहावी ते आठवीच्या शाळा दोन: प्लेन्सबरोत कम्युनिटी मिडल स्कूल आणि वेस्ट विंडसरला थॉमस ग्रोव्हर मिडल स्कूल. चिऊ सप्टेंबरात सहावीला जाईल आणि आमचा भाडेकरार त्याआधीच संपतोय. तिथून हे सुरू झालं.

गेल्या गणपतीत आरती झाल्यावर जो तो हेच बोलत होता. कुणी म्हणे ग्रोव्हर, कुणी म्हणे कम्युनिटी. का, म्हणून विचारलं की इंटरनेटवरचा दहापैकी कितीचा आकडा पुढे करायचे. आम्हीही महिनाभर त्याच आकड्यांच्या मागे होतो. जावईबापूंनी तर तक्ता केला, रंग भरून.

मग मी राज्याच्या शिक्षण खात्याचा अहवाल उघडला. दरवर्षी प्रत्येक शाळेचा निघतो. तिसरी ते आठवीच्या मुलांची भाषा-गणिताची परीक्षा असते; गुण 650 ते 850 च्या पट्टीवर, 750 मिळाले की मूल त्या इयत्तेच्या अपेक्षेला उतरलं असं धरतात. दोन्ही शाळा राज्याच्या सरासरीच्या कितीतरी वर आहेत. अभ्यासक्रम एकच, शिक्षकांची वेतनश्रेणी एकच. एकाच विहिरीचं पाणी दोन पाटांनी चाललंय, आणि आम्ही कुठल्या पाटाचं गोड म्हणून भांडतोय.

त्या अहवालात एका रकान्यावर मात्र मी थांबले. वर्षात शाळेच्या दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर राहिलेली मुलं किती, हे तिथे वेगळं छापतात. बाबा, मला गळीत हंगामातली तुमची सायकल आठवली. ऊसतोडीची पोरं चार दिवस दिसली नाहीत की तुम्ही शाळा सुटल्यावर थेट फडाकडे जायचात. एकदा मला पुढे दांडीवर बसवून नेलं होतं. पाचटाच्या कोपीबाहेर एक मुलगी तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती, आणि तुम्ही तिच्या आईशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होतात. दुसऱ्या दिवशी ती भावाला घेऊनच वर्गात आली. पटावर किती याला किंमत नाही, वर्गात किती ते सांगा, हे तुमचं वाक्य मी तेव्हापासून ऐकतेय.

अजून एक गोष्ट, जिने माझा कल ठरला. 2015 मध्ये इथले सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या सगळ्या शाळांचे प्रमुख, डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानांचं पत्र लिहिलं होतं. आधीच्या वर्षात मिडल स्कूल आणि हायस्कूलच्या 120 मुलांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावं लागलं आणि 40 जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, असं त्यात होतं. त्याच सुमारास काही रात्री गृहपाठ बंद झाला, हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा गेल्या, चौथी-पाचवीतला वरच्या पातळीचा गणित वर्गही काढून टाकला. पालकांत उभे दोन तट पडले, आणि विरोध करणाऱ्यांत आपल्यासारखी बाहेरून आलेली आईवडील मंडळी पुष्कळ. त्यांची भीती मला कळते. आपण इथवर आलो ते परीक्षांच्याच जोरावर. पण तो 40 चा आकडा वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. आणि बाबा, तो आकडा दोन्ही गावांचा आहे. घर बदलून मी त्याच्यापासून कुठे पळणार?

म्हणून मला वाटतं, आहोत तिथेच राहावं. वेस्ट विंडसरला गेलो तर प्रिन्स्टन जंक्शन स्टेशन जवळ येईल, ह्यांचा न्यूयॉर्कला जायचा वेळ वाचेल, एवढं खरं. पण इथे चिऊच्या तीन मैत्रिणी तिच्याबरोबर त्याच शाळेत जाणार आहेत, आणि सध्या तिचा जीव त्यातच आहे. सहावीपासून इथे तासाला वर्ग बदलतो, दप्तर ठेवायला प्रत्येकाला लॉकर, त्याला आकड्यांचं कुलूप. ते उघडता येणार नाही, मग तासाला उशीर होईल, सगळे बघतील, याची तिला इतकी धास्ती की मी तसलंच एक कुलूप विकत आणलं. रोज जेवण झालं की ओट्याशी उभी राहून फिरवत बसते: उजवीकडे, मग डावीकडे एक पूर्ण फेरा, परत उजवीकडे. ओठ हलत असतात. गणिताच्या पेपरला मी तिला एवढी घाबरलेली कधी पाहिली नाही.

बाबा, तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने सांगा. माझं चुकत असेल तर तसंही सांगा. पंधरा तारखेला करारावर सही करायची आहे, त्याच्या आत फोन करा. आमच्या सकाळी केलात तर निवांत बोलता येईल.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? जिना दिवसातून एकदाच चढ. चिऊने तुझ्यासाठी मराठीत चार ओळी लिहिल्यात, सोबत त्याचा फोटो पाठवतेय. "आजी" मधला जी ऱ्हस्व काढलाय, तो मी मुद्दाम तसाच ठेवला.

तुमची,
ताई